आपत्कालीन सोनोग्राफीची अमेरिकी फेलोशिप: मशीन नको, आठवड्याची बैठक बघा

इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण, संपल्यावर सोनोग्राफीच्या फेलोशिपसाठी आणखी एक वर्ष द्यावं का? अमेरिकेत रेसिडेन्सी करणारी मराठी मुलंमुली हे विचारतातच, हल्ली पुण्या-मुंबईत एमडी करणारेही विचारतात. मत आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त प्रोब, म्हणजे पेशंटच्या अंगावर टेकवायचा मशीनचा भाग, धरायला शिकायचं असेल तर हे वर्ष महाग पडतं. ते काम रेसिडेन्सीतच व्हायला हवं, आणि चांगल्या ठिकाणी होतंही. पण पुढे एखाद्या विभागाची सोनोग्राफी चालवायची असेल, म्हणजे दुसऱ्यांच्या इमेज तपासायच्या, ज्युनिअरना शिकवायचं, मशीन निवडायचं, रेडिओलॉजी आणि कार्डिओलॉजीबरोबरचे हद्दीचे वाद मिटवायचे, तर या वर्षाला तोड नाही. अट एवढीच की त्या ठिकाणी दर आठवड्याला इमेज तपासणीची बैठक खरोखर भरत असली पाहिजे. माहितीपत्रकात ती सगळेच लिहितात.

आधी कागदोपत्री बाजू. ही फेलोशिप एसीजीएमईच्या, म्हणजे रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, मान्यतेखाली येत नाही. ऐकायला कमीपणाचं वाटतं, पण खिशाला हे बरं पडतं. फेलोला बहुतेक ठिकाणी कनिष्ठ अध्यापक म्हणून नेमतात. इमर्जन्सीत तो अटेंडिंग, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट बघणारा डॉक्टर, म्हणून स्वतंत्र शिफ्ट करतो आणि त्याला इतर शाखांच्या फेलोपेक्षा पगार बरा मिळतो. त्याचा तोटाही तिथेच आहे. विभागात माणसं कमी पडली की पहिला हात फेलोच्या वेळापत्रकावर पडतो, आणि शिफ्ट वाढल्या की स्कॅनिंगचे दिवस आपोआप आटतात. आठवड्याचे शिफ्टचे तास आणि रात्रपाळ्या करारात लेखी घ्याव्यात. स्कॅनिंगचे दिवस 'संरक्षित' आहेत असं नुसतं तोंडी सांगणं पुरत नाही.

एसीईपी या अमेरिकी इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने सोनोग्राफीची मार्गदर्शक तत्त्वं २००१ साली काढली आणि २००८, २०१६ व २०२३ मध्ये सुधारली. फेलोशिपांना मान्यता देण्याचं काम ईयूएफएसी ही परिषद करते. एबीईएम या इमर्जन्सी डॉक्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डाची प्रगत सोनोग्राफीची वेगळी परीक्षा २०२२ पासून सुरू झाली. सुरुवातीला नुसत्या कामाच्या अनुभवावर परीक्षेला बसता येत होतं, पण ती सवलत मुदतीपुरतीच ठेवलेली होती. म्हणून ईयूएफएसीची मान्यता नसलेल्या ठिकाणी वर्ष घालवण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. अमेरिकी बोर्डाची पात्रता मुळातच नसेल तर या परीक्षेचा दरवाजा बंदच आहे. भारतातून थेट जाणाऱ्यांना काही ठिकाणी 'आंतरराष्ट्रीय फेलो' म्हणून घेतात. तिथे पगार मिळेलच असं नाही, आणि पेशंटला हात लावता येईल की नुसतं शेजारी उभं राहायचं, हे ठिकाणागणिक बदलतं. अर्ज करण्याआधी नेमकं हेच विचारायचं.

आता आकडे. २०१६च्या तत्त्वांनुसार रेसिडेंटने एकेका प्रकाराचे २५ ते ५० आणि एकूण १५० ते ३०० तपासलेले स्कॅन करावेत. फेलो वर्षभरात हजाराच्या घरात जातो. जाहिरातीत हाच आकडा ठळक असतो, आणि फसगतही त्याच्यावरच होते. पन्नास पित्ताशयं पाहिली आणि त्यातली पंचेचाळीस निरोगी निघाली, तर भिंत जाड झालेलं, अरुंद तोंडाशी खडा अडकलेलं पित्ताशय ओळखायचा सराव पाच वेळाच झाला. शिवाय सीटीचा रिपोर्ट आधीच वाचून केलेला स्कॅन संख्येत एक भर घालतो, कौशल्यात काहीच नाही. मागच्या फेलोचं लॉगबुक मागा आणि त्यात दोन गोष्टी बघा: पॉझिटिव्ह किती, आणि त्यातल्या कितींची सीटी, ऑपरेशन किंवा रेडिओलॉजीच्या स्कॅनशी गाठ घालून खात्री केली. हा रकाना रिकामा असेल तर वरच्या हजाराला किंमत नाही.

बैठकीकडे वळू, कारण या वर्षाचा खरा मोबदला तिथेच मिळतो. आठवड्याभरात विभागात झालेले सगळे स्कॅन, इंटर्नपासून अटेंडिंगपर्यंतचे, पडद्यावर लावतात. प्रत्येक क्लिप पाच-सहा सेकंदांची. तिला दोन वेगळे निकाल मिळतात. एक इमेजचा, १ ते ५ असा. १ म्हणजे ओळखीचं काहीच दिसत नाही, ३ म्हणजे निदानापुरतं जेमतेम, ५ म्हणजे उत्तम. दुसरा निकाल अर्थाचा, बरोबर की चूक. सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवावा लागतो? १ किंवा २ गुणांच्या इमेजवर बरोबर निघालेल्या निदानावर. कारण तो अंदाज असतो, आणि अंदाज खरा ठरला की माणूस तो पुन्हा करतो.

अपघाताच्या पेशंटच्या उजव्या कुशीची क्लिप घेऊ. नवखा माणूस लिव्हर आणि किडनीच्या मधली मॉरिसनची खाच दाखवतो, मधे काळी पट्टी (साचलेलं रक्त) दिसत नाही म्हणून निगेटिव्ह लिहून मोकळा होतो. पण उताण्या पेशंटमध्ये थोडं रक्त असेल तर ते बहुधा आधी लिव्हरच्या खालच्या टोकाशी दिसतं, आणि ते टोक क्लिपमध्ये आलेलंच नसतं. प्रोब एखादी बरगडी खाली घ्यायचा, किडनीचं खालचं टोक दिसेपर्यंत सरकवायचा, मग पुढून मागे सावकाश कलवत न्यायचा. एका जागी स्थिर धरलेला प्रोब हे या चुकीचं नेहमीचं कारण. डावीकडची चूक वेगळी. तिथे सगळे स्प्लीन आणि किडनीच्या मधे बघतात, रक्त मात्र स्प्लीन आणि डायफ्रामच्या मधे आधी साचतं. डावी किडनी उजवीपेक्षा वर आणि मागे असते, म्हणून प्रोब धरलेल्या हाताची बोटं स्ट्रेचरच्या गादीला टेकेपर्यंत हात मागे न्यावा लागतो. हात हवेत असला तर स्क्रीनवर पोटातला गॅसच दिसणार.

ओटीपोटाचा स्कॅन कॅथेटर घालण्याआधी करायचा, कारण मूत्राशय रिकामं झालं की मागचं बघायची खिडकीच बंद होते. भरलेल्या मूत्राशयामागे सगळं नको तितकं उजळ दिसतं, त्या उजेडात थोडं रक्त बुडून जातं. तेवढ्या खोलीचा गेन, म्हणजे इमेजचा उजळपणा, हाताने उतरवावा लागतो. हे सांगायला शेजारी कोणी नसेल तर रेसिडेंट दोन-दोन वर्षं तसेच स्कॅन करत राहतात. एक मर्यादाही बैठकीतच कळते. पोटात साधारण २०० मिलीपेक्षा कमी रक्त असेल तर ते बहुधा दिसत नाही, आणि गोठलेलं रक्त काळं न दिसता लिव्हरसारखं करडं दिसतं. म्हणून निगेटिव्ह स्कॅन हा त्या मिनिटापुरताच निगेटिव्ह. पेशंटचं बीपी घसरलं की पुन्हा करायचा.

हृदयाभोवतीचं पाणी आणि हृदयापुढची चरबी यांचा घोळही इथेच सुटतो. चरबी पुढच्या बाजूला असते, ठिपकेदार दिसते, हृदयाबरोबर हलते. पाणी उताण्या पेशंटमध्ये मागेही सापडतं. स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डावीकडच्या लांब अक्षाच्या व्ह्यूमध्ये उतरती महाधमनी शोधायची. काळी पट्टी तिच्या पुढून गेली तर पाणी हृदयाच्या आवरणात, मागून गेली तर फुप्फुसाच्या. याच व्ह्यूमध्ये प्रोबची दिशा दाखवणाऱ्या खुणेचा एक जुना त्रास आहे. कार्डिओलॉजीच्या प्रथेत खूण स्क्रीनच्या उजवीकडे असते, पोटाच्या स्कॅनमध्ये डावीकडे. इमर्जन्सीत एकाच पेशंटवर दोन्ही करायचे असतात, म्हणून काही विभाग खूण डावीकडेच ठेवून प्रोब उलटा धरतात, काही मशीनची आधी ठरवलेली मांडणी (प्रीसेट) बदलतात. कुठलीही पद्धत चालेल, पण विभागभर एकच हवी. जिथे प्रत्येक अटेंडिंग आपलीच पद्धत शिकवतो तिथे फेलोचे पहिले दोन महिने डावं-उजवं निस्तरण्यातच जातात.

फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये मशीनच आडवं येतं. इमेज गुळगुळीत करणारी सॉफ्टवेअरची करामत बी-लाइन, म्हणजे फुप्फुसात पाणी असल्याच्या उभ्या उजळ रेघा, पुसट करते. ती बंद करून खोली १५ ते १८ सेंटिमीटर ठेवावी. एका बरगडीच्या फटीत तीन किंवा जास्त बी-लाइन दिसल्या तरच त्यांना अर्थ. न्यूमोथोरॅक्ससाठी, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साचली का हे बघायला, उलट करायचं: लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब, कमी खोली, आणि नजर प्ल्युरावर, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणावर. महाधमनी आडव्या छेदात, बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत मोजायची. ३ सेंटिमीटरच्या वर गेली की फुगलेली. उभ्या छेदात प्रोब मध्यापासून जरा सरकला तरी माप लहान येतं, आणि ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

हृदय बंद पडलेल्या पेशंटवरची सोनोग्राफी हा फेलोशिपचा कार्यक्रम जोखायचा उत्तम निकष आहे. कॉम्प्रेशन (छातीवर दाब देणं) थांबवून नाडी बघायचा विराम १० सेकंदांच्या आत संपायला हवा. सोनोग्राफी आली की तो लांबतो, हे २०१७ सालच्या अभ्यासांनी दाखवलं. कारण साधं आहे. स्क्रीनकडे बघत उभा असलेला माणूस घड्याळ विसरतो. चांगल्या ठिकाणची शिस्त ठरलेली असते. कॉम्प्रेशन चालू असतानाच प्रोब झायफॉइडखाली, म्हणजे स्टर्नमच्या खालच्या टोकाखाली, लावून खिडकी शोधून ठेवायची. विराम आला की कोणीतरी मोठ्याने सेकंद मोजायचे. सहा सेकंदांची क्लिप रेकॉर्ड करून हात काढायचा, आणि कॉम्प्रेशन पुन्हा सुरू झाल्यावरच ती बघायची. मुलाखतीला गेलात की हा क्रम विचारा. उत्तर अडखळत आलं तर समजून जा.

अन्ननलिकेतून करायची सोनोग्राफी, म्हणजे टीईई, काही ठिकाणी या फेलोशिपचं मुख्य आकर्षण म्हणून पुढे करतात. कॉम्प्रेशन न थांबवता हृदय दिसतं आणि दाब नेमका कुठे पडतोय हेही कळतं, हा तिचा खरा फायदा. पण प्रोब महाग, नाजूक, आणि प्रत्येक वापरानंतर उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण लागतं. वर्षात पाच-सहा पेशंट मिळणार असतील तर उरलेला सराव सिम्युलेटरवरच होतो. तसं असेल तर तसं सांगावं. या नावाखाली फेलोशिप विकू नये.

सुईच्या कामात, म्हणजे सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं), नर्व्ह ब्लॉक (नसेभोवती भुलीचं औषध देणं), पाणी काढणं यात, चूक नेहमी एकाच जातीची असते. सुईचं टोक हरवतं आणि दांड्यालाच टोक समजून पुढे ढकललं जातं. याचा सराव पेशंटवर करायचा नसतो. तयार फँटम, म्हणजे सरावासाठीचे शरीराचे नकली तुकडे, महाग येतात, पण घरी करता येतात. एक लिटर उकळत्या पाण्यात १०० ते १२० ग्रॅम साधं जिलेटिन गुठळ्या न होऊ देता विरघळवा, दोन-तीन चमचे इसबगोल घाला. इसबगोलाने आतला भाग करडा, दाणेदार, खऱ्या स्नायूसारखा दिसतो. ते नसेल तर सगळं काळं येतं आणि सुई नको तितकी सोपी होते. मिश्रण जरा घट्ट व्हायला लागेपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर इसबगोल तळाशी बसतं. वरचा फेस काढून टाका. बुडबुडा राहिला तर त्याच्या मागे सावली पडते. अर्धं ओतून फ्रिजमध्ये सेट करा, त्यावर शिरेच्या जागी आत पाणी भरून दोन्ही टोकं बांधलेली पातळ रबरी नळी ठेवा, मग उरलेलं ओता. नळीत हवा राहिली तर ती 'शीर' दिसणारच नाही. असा फँटम फ्रिजमध्ये थोडेच दिवस टिकतो, मग बुरशी धरते. फेलोने वर्षात असे दहा-बारा करून विद्यार्थ्यांना बसवलं नसेल, तर त्याला शिकवायला मिळालं असं म्हणता येत नाही.

नर्व्ह ब्लॉक शिकवणाऱ्या ठिकाणी आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे भुलीच्या औषधाच्या विषबाधेवरचा उतारा, कुठे ठेवता? भुलीचं औषध शिरेत गेलं तर पहिला डोस किलोमागे दीड मिली. ते फार्मसीच्या तळघरात असेल तर ब्लॉकचा कार्यक्रम अजून कागदावरच आहे.

मशीनच्या देखभालीबद्दल माहितीपत्रकात ओळही नसते, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मात्र तेच काम अंगावर येतं. प्रोब बहुतेक वेळा दोन कारणांनी मरतात: पडतात, किंवा त्यांची वायर मशीनच्या चाकाखाली येते. वायर गुंडाळून हुकवर टाकायची सवय विभागाला लावणं हे फेलोचं काम. प्रोबमधले काही घटक मेले की स्क्रीनवर वरून खालपर्यंत काळी रेघ येते. खात्री करायला कोरड्या प्रोबवरून पेपरक्लिपची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवतात. स्क्रीनवरचा उजेड मधेच तुटला तर ती जागा मेलेली. पुसायला स्पिरिट सगळ्याच प्रोबना चालत नाही, रबरी तोंड तडकतं. उत्पादकाच्या यादीतलेच वाइप वापरायचे. योनिमार्गात वापरायच्या प्रोबला कव्हर घातलं तरी उच्च दर्जाचं निर्जंतुकीकरण लागतंच. ट्रोफॉनसारख्या यंत्रात हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने ते सात मिनिटांत होतं. ही सात मिनिटं रात्री तीन वाजता कोण देणार, हा प्रश्न तंत्राचा नसून विभागप्रमुखाचा आहे, आणि तो सोडवायला शिकणं हे अर्धं वर्ष.

उरलेलं अर्धं कारकुनी. पेशंटचं नाव वर्कलिस्टमधून, म्हणजे मशीनवर येणाऱ्या रुग्णालयाच्या यादीतून, न घेता हाताने टाकलं की क्लिप अनाथ होऊन सर्व्हरवर पडते, ना बैठकीत येते ना बिलात. अमेरिकेत ईफास्टचं, म्हणजे अपघाताच्या पेशंटच्या पोट-हृदय-छातीच्या एकत्र स्कॅनचं, बिल एका कोडवर होत नाही. पोट ७६७०५, हृदय ९३३०८, छाती ७६६०४ असे तीन लावतात, प्रत्येकी डॉक्टरच्या कामाचं २६ हे शेपूट जोडून. शिरेत सुई घालताना लावायच्या ७६९३७ला इमेज जपलेली असावीच लागते. कंटाळवाणं आहे, पण हे पैसे दाखवल्याशिवाय प्रशासन नवीन मशीन देत नाही. भारतात परतणाऱ्याला हे कोड उपयोगाचे नाहीत. वर्कलिस्टची शिस्त मात्र जशीच्या तशी कामाला येते.

दुसरे पर्याय थोडक्यात. कॅनडात सीपीओसीयूएस या सोनोग्राफी संस्थेचं स्वतंत्र-तपासनीस प्रमाणपत्र एकेका मूळ प्रकाराच्या ५० स्कॅनवर आणि परीक्षांवर उभं आहे. ऑस्ट्रेलियात एएसयूएम या सोनोग्राफी संस्थेचं सीसीपीयू हे प्रमाणपत्र भागाभागाने, नोकरी सांभाळून करता येतं, आणि ज्यांना नुसतं कौशल्य हवं त्यांना ते अमेरिकी वर्षापेक्षा सोयीचं. दिल्लीच्या एम्सने अपघाताच्या पेशंटसाठी एयूटीएलएस हा छोटा अभ्यासक्रम केला आहे, विनफोकस या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यशाळाही भारतात होतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेने सुरुवात होते. पण त्यानंतर तुमची क्लिप बघून चूक दाखवणारं कोणी नसेल तर हात सहा महिन्यांत पूर्ववत होतो. आपल्याकडच्या एखाद्या विभागाने दर गुरुवारी तासभर रेडिओलॉजिस्टला बसवून क्लिप पाहिल्या, तर फेलोशिपचा मोठा भाग विमानाच्या तिकिटाशिवाय मिळेल.

महाराष्ट्रात परतणार असाल तर पीसीपीएनडीटीचा, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याचा, हिशेब जाण्याआधीच करा. गर्भलिंग निदानाविरुद्धचा स्वतंत्र कायदा देशात आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा १९९४चा, आणि तो २००३मध्ये आणखी कडक झाला. अमेरिकी फेलोशिपमध्ये सुरुवातीच्या गरोदरपणातली सोनोग्राफी, म्हणजे गर्भ पिशवीत आहे की नळीत, हा मूळ प्रकारांपैकी एक आहे, आणि पोटात दुखत असलेल्या तरुण बाईचा जीव त्यावर वाचतो. इथे मात्र गरोदर स्त्रीवरच्या प्रत्येक स्कॅनला एफ फॉर्म लागतो, तो अर्धवट भरला तरी कारवाई होऊ शकते, आणि स्कॅन करणाऱ्याची पात्रता कायद्याच्या चौकटीत बसावी लागते. परदेशातल्या प्रमाणपत्राने ती आपोआप बसेल असं धरून चालू नये. रुजू होण्याआधी जिल्ह्याच्या किंवा महापालिकेच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावं.

आणि खिशात मावणारा हँडहेल्ड प्रोब. अमेरिकेत फेलो तो फोनला जोडून वॉर्डभर फिरतात, परतताना बॅगेत टाकावासा वाटतो. टाकू नका. इथे तो नोंदणी नसलेलं सोनोग्राफी मशीन ठरतो, आणि पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेबाहेर न्यायलाही नियमात बंदी आहे, मोबाइल मेडिकल युनिटचा अपवाद वगळता. रुग्णालयाने अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं मशीन त्यांच्या नोंदणीत चढवायचं आणि तुमचं नावही त्यात घालायचं. मशीन किंवा माणूस बदलायचा तर किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं, म्हणून रुजू होण्याची तारीख ठरवताना हे दिवस धरूनच ठरवा.